थंडीत रुसणारे इंजिन : दुचाकीचे यंत्र चारचाकीत बसवताना

बारामती आणि इंदापूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. काही दिवस ते त्याहूनही खाली उतरते. उसाचा हंगाम भरात असतो आणि उजनीच्या फुगवट्यालगत सकाळी धुके साचते. अशा सकाळी दुचाकीला नेहमीपेक्षा दोन-चार किका अधिक माराव्या लागतात, हा सर्वांच्याच परिचयाचा अनुभव आहे. मात्र तेच इंजिन दुचाकीतून काढून घरबनावटीच्या चारचाकीत बसवले, तर ही अडचण कितीतरी वाढते. इंजिन तेच, पेट्रोल तेच आणि थंडीही तीच असताना असे का व्हावे? इंजिनाभोवतीची व्यवस्था बदलताना जे सुटून गेलेले असते, त्यात याचे उत्तर आहे.

जुनी कल्पना, नवे प्रयोग

दुचाकीच्या इंजिनावर मोठे वाहन चालवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीच्या तीनचाकी मोटारींना सुरुवातीच्या काळात मोटारसायकलचीच इंजिने असत. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये व्हेस्पा स्कूटरच्या रचनेवरून ‘आपे’ हे तीनचाकी मालवाहन तयार केले. याच कंपनीच्या बारामती येथील कारखान्यात आपे रिक्षा तयार होतात आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरचेही उत्पादन तेथे सुरू झाले.

सुट्या भागांची जुळणी करून मोटार बनवण्याचा छंद ब्रिटनमध्ये विशेष रुजला. आपल्याकडे ही हौस अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी जोपासली आहे. ‘सुप्रा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धांसाठी विद्यार्थी जी शर्यतीची छोटी मोटार बांधतात, तिच्यात अनेकदा दुचाकीचे इंजिन असते. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमचे ३७३ सीसीचे इंजिन त्यासाठी बरेच वापरले गेले. ‘फॉर्म्युला भारत’ अनेक वर्षे जानेवारीत होत आली आहे. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या चाचण्या नेमक्या थंडीच्या दिवसांत येतात.

ग्रामीण प्रयोगाचे ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जुळवून बनवलेली छोटी चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. ती किक मारून सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो दिली. अनेकांना त्या किकची गंमत वाटली. परंतु किकला बॅटरीची ताकद लागत नाही, हे थंडीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

थंडीत नेमके काय होते?

द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड हवेत वाफ कमी होते आणि बरेचसे पेट्रोल नळीच्या गार भिंतींवर थेंबांच्या रूपाने बसते. म्हणून सुरुवातीला अधिक पेट्रोल द्यावे लागते. कार्ब्युरेटरमध्ये हे काम चोक करतो; इंधन अंतःक्षेपण असलेल्या इंजिनात तापमानाचा सेन्सर पाहून संगणक ते करतो. दुसरीकडे तेल घट्ट होते आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. म्हणजे ज्या वेळी स्टार्टरला अधिक जोर लागतो, नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद कमी झालेली असते.

सांगाडा बदलला की...

दुचाकीत बॅटरी आणि स्टार्टर यांच्यात हातभर अंतर असते. घरबनावटीच्या मोटारीत वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी दूर ठेवली जाते आणि तारेची लांबी वाढते. स्टार्टर १०० अँपिअर प्रवाह घेत असेल आणि तारेत व जोडांत मिळून एक शतांश ओहम एवढाच रोध असेल, तरी १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. रंगवलेल्या सांगाड्यावर बसवलेली अर्थिंगची तार हे याचे नेहमीचे कारण असते. उन्हाळ्यात हा तोटा खपून जातो, थंडीत खपत नाही.

दुसरा बदल पेट्रोलच्या टाकीचा. कार्ब्युरेटरच्या दुचाकीत टाकी वर असते आणि पेट्रोल आपोआप खाली उतरते. मोटारीत टाकी खाली किंवा मागे जाते, म्हणून पंप लावावा लागतो. पंप कमजोर असेल, तर रात्रभर रिकामी झालेली नळी भरायला वेळ लागतो. तो गरजेपेक्षा जोरदार असेल, तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि प्लग भिजतो.

तिसरा बदल चालकाच्या सवयीचा. जुन्या मोटारी चालवलेला माणूस सुरू करताना ॲक्सिलरेटर दाबतो. बहुतेक लहान दुचाकींच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी मारणारा पंप नसतो. अनेक दुचाकींच्या चोकची रचना अशी असते, की थ्रॉटल बंद असतानाच तो नीट काम करतो. पायाने पेडल दाबताच ओढ कमी होते आणि चोक निरुपयोगी ठरतो. अंतःक्षेपणाच्या इंजिनात तापमानाच्या सेन्सरची जोडणी चुकली, तर संगणकाला थंडीचा पत्ताच लागत नाही.

तेल आणि क्लच

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि गाडी न्यूट्रलमध्ये असूनही स्टार्टरला गिअरचे काही भाग फिरवावे लागतात. क्लच दाबून स्टार्टर मारल्यास हा भार बराच हलका होतो. तेलाच्या डब्यावरील २०डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० यांतील पहिला आकडा थंडीतील घट्टपणा दाखवतो. तो जितका कमी, तितके तेल थंडीत पातळ. मात्र उत्पादकाने सांगितलेल्या श्रेणीबाहेर जाऊ नये. मोटारीसाठीचे काही तेल ओल्या क्लचला घसरवते, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी.

इथेनॉलचा प्रश्न

साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात इथेनॉलचा विषय टाळता येत नाही. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ मध्ये ते उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते. शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याजोगी वाफ साधारण १३ अंशांच्या वरच तयार होते. पेट्रोलसाठी हीच मर्यादा उणे ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणूनच ब्राझीलमधील इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे.

२० टक्के मिश्रणात ८० टक्के पेट्रोल असल्याने एवढी अडचण येत नाही. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आणखी विरळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या हौशी वाहनात जुने पेट्रोल तसेच ठेवल्यास पहिल्या थंडीत त्याचा त्रास होतो.

तपासणीचा क्रम

अडचण आल्यास आधी स्वस्त आणि सोप्या गोष्टी पाहाव्यात. पूर्ण भरलेली साधी शिसे-आम्ल बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ते साधारण ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरीवर संशय घ्यावा. स्टार्टर फिरत असतानाच बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसल्यास अर्थिंग सदोष आहे. त्यानंतर प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल जादा येते किंवा ठिणगी कमजोर आहे; कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. जेट बदलण्याचा विचार यानंतर करावा. स्टार्टर सलग पाच-सात सेकंदांहून अधिक फिरवू नये.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून स्टार्टर मारल्यास उलटा भडका उडू शकतो. थंडी वाजते म्हणून शेडचे दार लावून इंजिन गरम करणे तर जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

अशी मोटार सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत आणि नव्या वाहनाला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते. महाविद्यालयाचे आवार, स्पर्धेचा मार्ग किंवा स्वतःचे शेत एवढेच तिचे क्षेत्र. ज्या कारखान्यात दुचाकी तयार होते, तेथे टाकी कुठे, तार किती जाड आणि चोक कसा, याचा विचार एकत्रित झालेला असतो. इंजिन तेथून उचलून आणणाऱ्याला तो विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. त्यात राहिलेली उणीव डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे समोर येते.