दोहा येथील पिझ्झा आणि आपली कुटुंबे



आपल्यापैकी काही घरांतील मुले-मुली कामानिमित्त आखाती देशांत आहेत. त्यांना भेटावयास आई-वडील, कधी आजीही जातात. गेल्या वर्षी आम्ही कतारला मुलाकडे गेलो होतो. एका संध्याकाळी सारे बाहेर जेवावयास गेलो. माझ्या सासूबाई शाकाहारी आहेत. मुलाने वाढप्याला विचारले, "यात डुकराचे मांस नाही ना?" तो हसून म्हणाला, "मुळीच नाही." पिझ्झा आला. त्यावरील तांबड्या चकत्या गोमांसाच्या होत्या! सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त पाणी प्यायल्या.

चूक वाढप्याची नव्हती. आमचा प्रश्नच अपुरा होता. कतारच्या उपाहारगृहांत डुकराचे मांस वाढत नाहीत, म्हणून पेपरोनी बहुधा गोमांसाची असते. तेव्हा "गोमांस नको, कोणतेही मांस नको" असे स्पष्ट सांगावे. चीजबद्दलही विचारावे. इटलीचे अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातील विरजणाने बनते. कडक शाकाहारी माणसाने ते टाळलेले बरे.

आता प्रकार पाहू. नेपल्सचा पिझ्झा मऊ, काठाला फुगलेला असतो. तो सुमारे साडेचारशे अंश उष्णतेच्या लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजतात. ही कला २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली. रोमचा पिझ्झा पातळ व कुरकुरीत असतो. न्यूयॉर्कचे तुकडे मोठे असून दुमडून खातात. शिकागोचा पिझ्झा खोल ताटलीत भाजतात. तो जड असतो. एकात दोघे-तिघे सहज जेवतात. लहान मुलांना टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीची पाने घातलेला साधा मार्गेरिटा पुरे.

पण दोहाला जाऊन केवळ इटलीचाच पिझ्झा का खावा? लेबनॉनचा मनाकिश हा त्याचाच भाऊबंद. थापलेल्या कच्च्या पिठाच्या रोटीवर ऑलिव्हचे तेल आणि झातर, म्हणजे रानातील ओव्यासारखी वनस्पती, तीळ व आंबट सुमाक यांचे मिश्रण, लावून भट्टीत भाजतात. तो स्वस्त असतो आणि झातरचा मनाकिश शाकाहारीही असतो.

मुलाबाळांसह बसावयास सूक वाकिफचा जुना बाजार, समुद्रकाठचे कतारा आणि पर्ल ही ठिकाणे चांगली. चालण्यास जागा आहे, वाहनांची भीती कमी आहे. सूक वाकिफ व कतारा येथे २०१९ पासून मेट्रो जाते आणि गाडीत कुटुंबांसाठी वेगळा भागही असतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बरीच दुकाने बंद असतात. रमजानात दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नये. सूर्यास्तानंतर मात्र मोठी वर्दळ असते. उन्हाळ्यात तर संध्याकाळीच निघावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सासूबाईंना सूकमध्ये नेले. या वेळी सारे आधी विचारून घेतले. झातरचा मनाकिश आला. त्यांनी एक तुकडा मोडला, चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर तेल-चटणी लावलेली भाकरीच!" मग अर्धा मनाकिश त्यांनी एकट्यानेच संपविला.

परदेशी जेवताना लाजू नये, बंधूंनो. नीट विचारावे, मग आनंदाने खावे.