चेनसॉ रेस धरून ठेवतो? ऑइल सील बघा

काळी नदी उगम पावते त्या दिग्गीच्या परिसरात पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवं पडलं की चेनसॉ चालू व्हायलाच हवा. ट्रिगर सोडूनही इंजिन रेसमध्ये राहतं, आडवं धरलं की आवाज बदलतो? कार्ब्युरेटर पिळण्याआधी क्रँकशाफ्टचे दोन्ही सील तपासा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच पंपासारखं हवा-पेट्रोल ओढतं. सील गळला की जादा हवा शिरते, पेट्रोलसोबत येणारं ऑइल अपुरं पडतं आणि पिस्टन जाम होतो.

क्लचच्या बाजूच्या सीलपर्यंत पोचायला आधी क्लच काढा; तो बहुतेकदा उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने सुटतो. जुना सील काढताना शाफ्टवर ओरखडा नको. नव्याच्या ओठाला ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा, सरळ बसवा. नंतर प्रेशरसोबत व्हॅक्यूम चाचणीही कराच. काही सील फक्त व्हॅक्यूममध्येच गळतात.