विषाणू गेला तरी सांधे का दुखतात?

२००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ पसरली, तेव्हा घरोघरी धडधाकट माणसेही भिंतीच्या आधाराने चालत होती. त्यापूर्वी १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ही साथ येऊन गेली होती. मधल्या काळात रोगाचे नावही विस्मरणात गेले. हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले असून, रोगी वेदनेने वाकून जातो, असा त्याचा आशय आहे.

नातेवाईक आजही आम्हाला विचारतात, “ताप उतरला, मग सांधे का धरलेत? एखादे भारी इंजेक्शन द्या ना.” प्रतिजैविके जिवाणूंच्या पेशीवर घाव घालतात, विषाणूला मात्र स्वतःची पेशीच नसते. डासाच्या दंशातून आलेला विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीतून स्वतःच्या असंख्य प्रती घडवून घेतो. साधारणतः आठवड्याभरात शरीर त्याला रक्तातून हटवते. परंतु या झुंजीत सांध्यांना आलेली सूज काही रुग्णांत महिनोन्‌महिने रेंगाळते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दात्यांचा पैसा त्यांवर खर्ची घालणे आम्हाला उचित वाटत नाही. डेंग्यूची शंका फिटेपर्यंत तीव्र वेदनाशामकेही डॉक्टर टाळतात, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा एडिस डास दिवसा चावतो व साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. टंचाईच्या आपल्या भागात रांजण भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तो आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासावा, वाळवावा व भरल्यावर घट्ट झाकावा. नुसते पाणी ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात.