चिपाडाचं ताट

गेल्या श्रावणात आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीत सत्यनारायण झाला. प्रसाद म्हणायचा, जेवणच ते, सत्तर पानं. ताटं पांढुरकी, जाड. वाडा होता तेव्हा पळसाच्या पत्रावळीवर आमटीसाठी भाताचं आळं करावं लागे. इथे ओघळायची भीतीच नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं, "काका, थर्माकोल ना हे?" म्हटलं, त्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. हे उसाचं चिपाड.

आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे एका वाक्यात थांबणं जमत नाही. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून जास्त चिपाड उरतं, त्यात निम्मं पाणीच. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. त्यातला भुसभुशीत गर चाळून काढायचा, धागे सोड्यात शिजवून धुवायचे, की लगदा तयार. पाण्यात कालवलेला हा लगदा जाळीच्या साच्यात घेतात आणि खालून हवा ओढतात. पाणी निघून जातं, जाळीवर ओलं ताट उरतं. मग ते तापलेल्या साच्यात दाबायचं. खळ-डिंकाची गरज पडत नाही. सेल्युलोजचे धागे सुकताना एकमेकांना आपणच धरतात. हायड्रोजन बंध शिकवताना हे ताट हाताशी असतं तर फळ्यावरचा निम्मा खडू वाचला असता.

मात्र चिपाडाला 'कचरा' म्हणणं मला पटत नाही. गुऱ्हाळात ते चुलवणात जातं, कारखान्यात बॉयलरमध्ये. त्यावर वीज होते, विकलीही जाते. ताटवाल्याला हे सरपण बॉयलरच्या तोंडून काढून विकत घ्यावं लागतं.

कुजण्याची परीक्षा मी गच्चीतल्या कुंड्यांत घेतली. एक ताट फाडून, भिजवून घातलं, दुसरं अख्खं. फाडलेलं दीड महिन्यात ओळखू येईना; अख्ख्याची कड दिवाळीतही डोकावत होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून डेपोवर गेलेल्या ताटाला तर हवाच मिळत नाही. तिथे त्याचं खत होत नाही, मिथेन होतो.

तेव्हा ताटं घेताना एक फाडून पाहा. चकचकीत पापुद्रा सुटून आला तर घेऊ नका. शेतीतल्या अशा मालाच्या ताटवाट्यांसाठी 2023 पासून आयएस 18267 हे भारतीय मानक आहे. पाकिटावर तो आकडा शोधा. आणि जेवणं उरकली की ताटाचे चार तुकडे करून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाका, पिशवीशिवाय.