कागदावरचे नाव, हाकेतले नाव

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याने निघाले की वाटेत पोखर्णी लागते. नृसिंहाचे जुने देऊळ ही या गावाची ओळख. ती इतकी पक्की, की गावाचे नाव घेताना 'पोखर्णी नृसिंह' असे जोडनावच लोकांच्या तोंडी येते. मराठवाड्यातील अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने जुन्या पिढ्यांत नरसिंग, नरहरी, नरहर, प्रल्हाद ही नावे या परिसरात सर्रास आढळतात. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ मध्ये नांदापूरला झाला. ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या तेलुगू भागातही हे नाव तितकेच रुजलेले होते. रामटेकमधून लोकसभेवर गेलेले आणि १९९१ मध्ये पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

मात्र कागदावरचा नरहरी हाकेत क्वचितच उतरत असे. तो कुणाचा नरबा, सवंगड्यांचा नऱ्या आणि पोरेबाळे झाल्यावर साऱ्या आळीचा आबा किंवा अण्णा होई. त्याच घरातील पणतूचे नाव आता आरव किंवा विहान असते आणि त्याला हाकही बहुधा त्याच नावाने मारली जाते. या बदलाला नुसती 'फॅशन' म्हणून भागत नाही. मुलाचे नाव कोण ठेवतो आणि ते तोंडाने कोणाला घ्यावे लागते, या दोन प्रश्नांची उत्तरे पिढीगणिक बदलली. त्यांच्यामागोमाग नावेही बदलत गेली.

दोन नावांची जुनी रीत

एका मुलाला दोन नावे असण्याची रीत या मातीत फार जुनी आहे. संत नामदेवांचे नाव ज्या नरसीशी जोडले जाते, ते गावही १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. नामदेवांच्या चार मुलांची नावे संतपरंपरेने जपली आहेत : नारा, विठा, गोंदा आणि म्हादा. नारायण, विठ्ठल, गोविंद आणि महादेव या देवनामांची ही घरगुती रूपे. सातशे वर्षांपूर्वीचा विठा आणि कालपरवाचा विठू किंवा विठ्या यांच्यात प्रत्ययापलीकडे फारसे अंतर नाही. देवाचे नाव आदराने ठेवायचे आणि हाकेत मोडून आपलेसे करायचे, ही मराठी घराची सवय आहे. त्या मोडण्यालाही व्याकरण होते. 'बा' आणि 'जी' आदराचे, 'ू' लाडाचा, 'या' सलगीचा किंवा रागाचा. तुकाराम, तुकोबा, तुक्या या तीन रूपांत माणूस एकच, पण हाक मारणारे तिघे निराळे.

दुसरे नाव लागण्याचे आणखी एक सबळ कारण होते. नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा घरोघरी होती. परंतु सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, असाही दंडक होता. मग सासऱ्याचे नाव धारण करणाऱ्या स्वतःच्या मुलाला आईने हाक मारायची तरी कशी? या पेचातून बाळ, बापू, नाना, तात्या, अण्णा, अप्पा अशी नावे कामी आली. नात्याची ही संबोधने लहानपणीच चिकटत आणि जन्मभर सुटत नसत. कित्येकदा तीच इतिहासाने उचलली. नाना फडणवीस यांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू आणि तात्या टोपे यांचे रामचंद्र पांडुरंग, हे आज मुद्दाम सांगावे लागते. केशव हे नाव मिळालेले लोकमान्य टिळक 'बाळ' म्हणूनच जगाला ठाऊक झाले. छत्रपती संभाजी महाराजांच्या पुत्राला आजोबांचे 'शिवाजी' हेच नाव ठेवले होते. इतिहास त्यांना शाहू या नावाने ओळखतो.

दगडू, धोंडू आणि कचरू

जुन्या याद्यांत देवनामांच्या शेजारीच दगडू, धोंडू, कचरू, केरू, भिकाजी, फकिरा अशी नावे दिसतात. आजच्या वाचकाला ती क्रूर वाटतील. प्रत्यक्षात त्यांच्यामागे धास्तावलेल्या आईबापांची माया होती. पाठोपाठ मुले दगावत, देवी आणि पटकीच्या साथी घरे रिकामी करत. अशा वेळी पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव द्यायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही, ही समजूत होती. पिरा-फकिराला नवस बोलून झालेल्या मुलाला त्या साधूचे नाव देत. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवल्याची कथा प्रसिद्धच आहे.

भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. लसीकरण वाढले, बालमृत्यू घटले आणि मृत्यूला चकवण्यासाठी नाव हलके करण्याची गरज उरली नाही. दगडू नाव मागे पडण्यात अभिरुचीइतकाच लसीचाही वाटा मानावा लागेल. मुलींच्या बाबतीत मात्र अशा नावांचा अर्थ नेमका उलटा होता. मुलाचे 'दगडू' हे नाव त्याला जगवण्यासाठी असे, तर मुलीचे 'नकुशी' हे नाव ती नको होती, हे सांगण्यासाठी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

नाव आणि पायरी

नावातून माणसाची पायरीही ओळखली जाई. एकच नाव एका घरी 'गणपतराव', दुसऱ्या घरी 'गणपत' आणि गावकुसाबाहेर 'गणप्या' होई. 'राव' आणि 'जी' कोणाला लावायचे, हे जात आणि जमीन ठरवत. सलगीचा 'या' मित्राच्या तोंडी गोड लागतो. वयाने मोठ्या माणसाला एखाद्या पोराने तोच लावला, तर तो अपमान ठरतो. गावगाड्यात हा अपमान पिढ्यान्‌पिढ्या रूढ होता.

त्यामुळे नाव बदलणे ही काही समाजांसाठी हौस नव्हती, तो स्वाभिमानाचा भाग होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लहानपणी घरात 'भिवा' म्हणत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक ही नावे गावोगाव उमटली. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालेल्या महाविद्यालयाने 'मिलिंद' हे नाव मराठवाड्याला आधीच परिचित करून दिले होते. 'बलुतं' हे १९७८ मध्ये प्रकाशित झालेले आत्मकथन लिहिणाऱ्या दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाच्या दोन नावांमध्ये केवढे अंतर असू शकते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दाखवले.

पांडू हवालदारापासून राहुलपर्यंत

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. शाळा वाढल्या, एसटी आली, वर्तमानपत्रे आणि रेडिओ आले. नाव ठेवण्याचा अधिकार आजी-आजोबांकडून हळूहळू शिकलेल्या काका-मामाकडे आणि पुढे आईवडिलांकडे सरकला. त्यांच्यासमोर कुलदैवताबरोबरच राष्ट्रपुरुष आणि नट होते. सुभाष, जवाहर, अशोक, विजय, राजेंद्र, सुनील, संजय ही नावे या पिढीची. कवी रमेश तेंडुलकर यांनी १९७३ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. बंगालमधून मुंबईच्या मराठी घरात आलेले ते नाव पुढे क्रिकेटने खेड्यापाड्यांत नेले. 'राहुल' या नावात तर दोन प्रवाह मिळाले. एका वस्तीत ते गौतम बुद्धांच्या मुलाचे नाव होते, तर दुसऱ्या वस्तीत १९९० च्या दशकातील हिंदी चित्रपटांच्या नायकाचे.

याच काळात काही जुनी नावे चेष्टेने मारली. विठोबाचे पांडुरंग हे नाव, त्याचा घरगुती पांडू आणि १९७५ चा 'पांडू हवालदार' हा चित्रपट यांचा एकमेकांशी संबंध जुळला आणि 'पांडू' हे पोलीस शिपायाचे टोपणनाव झाले. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत गड्याला 'रामा' म्हणत. गण्या, बंड्या आणि झंप्या विनोदांत अडकले. २०१४ मधील 'टाइमपास' चित्रपटाच्या नायकाचे दगडू हे नाव त्याची गरीब वस्ती प्रेक्षकांना ताबडतोब कळावी, इतके बोलके होते. नाव हास्यास्पद झाले की नव्या बारशात ते येत नाही. आईवडिलांना मुलाचा शाळेतला पहिला दिवस आधीच दिसत असतो.

टोपणनावांचेही तसेच झाले. आबा, अण्णा, तात्या यांची जागा शहरात पप्पू, पिंटू, बंटी, सोनू यांनी घेतली. ती नात्यावरून आलेली नव्हती, की मूळ नाव मोडून झालेली नव्हती. त्यामुळे वय वाढल्यावर ती शोभेनात. 'अण्णा' म्हातारपणी अधिक भारदस्त होतो, 'पिंटू' साठीतही पिंटूच राहतो.

हाकेइतकेच नाव

आज घरात एक किंवा दोन मुले. नाव आईवडील ठरवतात, नक्षत्राचे अक्षर मोबाइलवर पाहतात आणि अख्ख्या वर्गात दुसरे कोणी नसावे, असे नाव शोधतात. आरव, विहान, अथर्व, रुद्र, शौर्य या नावांची ठेवण पाहावी. ती बहुधा दोन-तीन अक्षरांची, हाकेला सोपी असतात. रोमन लिपीतही ती फारशी बिघडत नाहीत. 'ज्ञानेश्वर' रोमन अक्षरांत लिहिले की परप्रांतीय त्याचा 'डन्यानेश्वर' करतो. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठवाड्यातील तरुणाला हा अनुभव नवा नाही. मित्रांनी त्यावर 'माऊली' हा सुंदर उपाय काढला आहे, हे खरे. म्हणजे मोडायला जागाच नाही, असे नाव आता सुरुवातीलाच निवडले जाते. आईला सासऱ्याचे नाव टाळायचे नसते, मुले जगण्याची खात्री असते, शेजाऱ्यांना हाक मारायचा प्रसंग कमी येतो. टोपणनावाची तिन्ही जुनी कामे संपली आहेत. मल्हारीचा 'मल्हार' होऊन काही जुनी देवनामे परत येतात. नरहरीच्या वाट्याला ते भाग्य अजून तितकेसे आलेले दिसत नाही.

उर्फ

हा बदल केवळ भावनेचा असता, तर गोष्ट येथे संपली असती. पण दोन नावांची रीत सरकारी दप्तरात आली की शेतकऱ्याची अडचण सुरू होते. सातबाऱ्यावर 'ग्यानबा', शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञानोबा' आणि आधारवर 'ज्ञानेश्वर' असा एकच माणूस तीन ठिकाणी तीन नावांनी असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम किसान योजनेत आणि शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीत जमिनीचे कागद आणि आधार जुळावे लागतात. गावाला ठाऊक असलेली गोष्ट संगणकाला ठाऊक नसते. त्यात निजामकाळातील नोंदी उर्दू आणि मोडीतल्या. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे पणजोबांचे नाव वाचणारा जसे वाचील, तसे ते मराठीत उतरते. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधण्यास सुरुवात केली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचे महत्त्व अचानक वाढले ते यामुळेच. पणजोबांचे नाव नेमके काय होते, हा प्रश्न अनेक घरांत प्रथमच गांभीर्याने विचारला गेला.

यावर जुन्या दप्तराने शोधलेला उपाय एका शब्दाचा होता : 'उर्फ'. फारसी कारभारातून मराठीत आलेला हा शब्द कागदावरचे नाव आणि हाकेतले नाव यांना एका ओळीत बसवत असे. आजच्या नोंदी अधिक काटेकोर आहेत. जन्मनोंदीत बाळाचे नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. मोठेपणी नाव बदलल्यास ते राजपत्रात प्रसिद्ध करता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव, असा क्रम आहे. ज्या आईला सासऱ्याच्या धाकाने मुलाचे नावही उच्चारता येत नव्हते, तिचे स्वतःचे नाव आता मुलाच्या नावाला लागून आले आहे. शंभर वर्षांतील सर्वांत मोठा बदल कदाचित हाच असेल.

नव्या कागदांत उर्फला जागा कमी आहे. त्यामुळे वंशावळ लिहायला बसणाऱ्या घरांनी एक पथ्य पाळावे. 'नरहरी' लिहिल्यावर त्याच्यापुढे नरबा आणि आबाही लिहावेत. कागदावरचे नाव कुठल्या ना कुठल्या दप्तरात सापडतेच. हाकेतले नाव मात्र फक्त हाक मारणाऱ्यांच्या तोंडी असते आणि त्यांतला शेवटचा माणूस गेला की तेही जाते.