एकोणऐंशीचा घोळ आणि मध्यरात्रीचे टपाल

रविवारी बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते. मेन रोडवर कपड्यांचे ढीग, गल्ल्यांतून मोबाइलच्या दुकानांपुढे पोरांची झुंबड आणि मुंजे चौकात डोक्यावरून धावणारी मेट्रो. याच गर्दीतल्या एका गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या खोलीत माझा भाचा बसतो. तो नेमके काय करतो, हे पुष्कळ दिवस मलाच सांगता येत नव्हते. लग्नकार्यात कुणी विचारले, की "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढे म्हणून मी जिलबीकडे वळत असे.

गेल्या वर्षी मात्र त्याच्या कामाशी माझा थेट संबंध आला आणि तोही एकोणऐंशी या आकड्यावरून.

आकडे घातले की अक्षरी रक्कम लिहून देणारी एक छोटी आज्ञावली त्याने तयार केली होती. वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे आले, की पुढचे जुळवता येते. मराठीत त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर अशी शंभरातली जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळी पाठ करावी लागते. ही आज्ञावली त्याने एका सार्वजनिक भांडारात फुकट ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यावी.

हे भांडार म्हणजे काय? आपण वाण्याकडे यादी देतो. वाणी सामान काढतो आणि पोऱ्या ते घरपोच आणून देतो. प्रोग्रामर मंडळींचेही तसेच आहे. लागणारी प्रत्येक वस्तू ते स्वतः घडवत नाहीत. "अमुक आवृत्तीचे तमुक पॅकेज" एवढे सांगितले, की पॅकेज मॅनेजर नावाचा पोऱ्या भांडारातून ते आणतो आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेही सोबत आणतो. पायथन भाषेचे असे भांडार २००३ पासून चालू आहे आणि आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत. १९९६ साली 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी आली, तेव्हा ती मिळवण्यासाठी धडपडणारे पुष्कळ होते. आता सीडीची गरज उरली नाही. लिनक्सवर मराठी दाखवणारा 'लोहित' फॉन्ट घ्या. रेड हॅट कंपनीने तो २००४ साली सर्वांसाठी खुला केला. मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीहून निराळे असते. डेबियन या लिनक्सच्या भांडारात 'लोहित मराठी' हे स्वतंत्र पॅकेज आहे. एक ओळ टाइप केली, की ते घरी येते.

भाच्याचे पॅकेज असेच एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या पावतीयंत्रात पोचले. एके दिवशी तिथे एक बाई पावती घेऊन भांडायला आल्या. आकड्यात ७९,००० आणि अक्षरात 'एकोणनव्वद हजार'. कष्टाचा पैसा, त्यांना वाटले, आपल्याला काहीतरी फसवतात. चेकवर आकडा आणि अक्षर यांत फरक पडला, तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. तेव्हा अक्षर चुकणे ही काही गमतीची गोष्ट नव्हे.

फोन भाच्याला आला आणि भाचा माझ्याकडे आला. "मामा, हिंदीतलं उनासी-नवासी डोक्यात होतं, म्हणून घोळ झाला. पण ती चूक मी आधीच सुधारली होती."

"मग पावतीवर कशी आली?"

"भांडारात चढवताना लॅपटॉपवरचं जुनंच फोल्डर चढलं. रात्रीचा दीड वाजून राहिला होता."

म्हणजे चूक दुरुस्त झाली होती, पण दुरुस्ती गावापर्यंत पोचलीच नव्हती. बरे, त्या भांडारात एकदा चढवलेली आवृत्ती त्याच क्रमांकाने पुन्हा चढवता येत नाही. आणि हा नियम योग्यच आहे. नाहीतर काल घेतलेल्या वस्तूत आज काय आहे, हे कोणी सांगावे? नवा क्रमांक देऊन, जुनी आवृत्ती बाद ठरवून, पतसंस्थेला कळवून त्याने ते निस्तरले. त्या रात्री त्याने ठरवले, की यापुढे पॅकेज हाताने चढवायचे नाही.

त्याची नवी व्यवस्था ऐकताना मला माझे वडील आठवले. ते रेल्वे टपाल सेवेत होते. नागपूरच्या मध्यरात्रीच्या टपालाचे ते फार कौतुकाने सांगत. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत. इथे थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या गावी परतत. मद्रासचे पत्र सकाळी दिल्लीत! वडील म्हणत, यात विमानापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे यादी आणि सील. थैली, तिचे लेबल आणि सोबतची यादी यांचा मेळ बसला नाही, तर थैली पुढे जात नसे. कोणाचा चेहरा बघून ती सोडायची पद्धत नव्हती.

भाच्याची व्यवस्था तशीच आहे. तो आवृत्तीवर क्रमांकाची खूण करतो. मग दूरवरचा एक भाड्याचा संगणक, पाटी पुसून घ्यावी तसा कोरा सुरू होतो. सर्वांना दिसणाऱ्या मूळ लिखाणाची प्रत घेतो, चाचण्या चालवतो, पॅकेज बांधतो आणि भांडाराला देतो. एक जरी चाचणी चुकली, तरी गाडी तिथेच थांबते. रात्रीचा दीड असो की दुपारचे दोन, यंत्राला डुलकी लागत नाही.

मूळ लिखाण आणि बांधलेले गाठोडे एकच असणे किती महत्त्वाचे, हे जगाने मार्च २०२४ मध्ये पाहिले. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजात दोनेक वर्षे विश्वास कमावलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने चोरदरवाजा बसवला. तो उघडणारा महत्त्वाचा धागा सार्वजनिक लिखाणात नव्हता. हाताने बांधून ठेवलेल्या गाठोड्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने मागोवा घेतला, म्हणून तो सापडला.

पण यंत्राच्या हाती कारभार दिला, की किल्लीचा प्रश्न येतो. "हा अमक्याचाच माणूस" हे भांडाराला कळावे म्हणून यंत्राजवळ एक लांबलचक गुप्त शब्द ठेवावा लागे. तो चोरीला गेला, तर चोर तुमच्याच नावाने माल पाठवणार. सप्टेंबर २०२५ मध्ये जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' भांडारात नेमके हेच घडले. 'शाई-हुलुद' नावाचा किडा प्रोग्रामरच्या संगणकात शिरून किल्ल्या शोधी आणि त्या किल्ल्यांनी त्याचीच इतर पॅकेजे विषारी करून आपोआप प्रसिद्ध करी. पाचशेहून अधिक पॅकेजे अशी बाधित झाली. माल आपोआप पाठवण्याची युक्ती चोरालाही येते, हे तेव्हा उमगले.

यावर पायथनच्या भांडाराने एप्रिल २०२३ मध्येच एक उपाय काढला होता आणि 'एनपीएम'नेही तो २०२५ मध्ये आणला. कायमची किल्ली ठेवायचीच नाही. यंत्राने आपली ओळख पटवावी, भांडाराने तेवढ्यापुरती एक चिठ्ठी द्यावी. पायथनच्या भांडारात ती पंधरा मिनिटांत रद्द होते. चोराच्या हाती लागलीच, तरी ती शिळी झालेली असण्याचा संभव अधिक. भाच्याने हीच पद्धत घेतली. शिवाय शेवटच्या पायरीवर त्याने मुद्दाम माणूस ठेवला आहे. त्याच्या मित्राने बघून 'होय' म्हटल्याशिवाय काही बाहेर जात नाही.

मला हे सगळे पटले, पण मास्तरकीची सवय गेली नव्हती. मी विचारले, "काहून रे, यंत्राला एकोणऐंशी म्हणजे काय, हे ठाऊक आहे का?"

तो हसला. "नाही मामा. आपण जे सांगतो तेच ते तपासते. आपली यादीच चुकली, तर ते चूकच बिनचूक पोचवेल."

म्हणून एका दुपारी आम्ही दोघे बसलो. मी एकपासून शंभरापर्यंत मोठ्याने म्हणत गेलो आणि तो टिपत गेला. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव. सगळे दोनदा ताडून पाहिले. स्वयंपाकघरातून हिने विचारले, की या वयात कुणाची परीक्षा चालली आहे?

ती यादी आता त्याच्या चाचण्यांत आहे. तो नवी आवृत्ती काढतो, तेव्हा कुठल्यातरी परमुलखातला तो कोरा संगणक माझ्या पाढ्यांशी ताडून बघतो. मेळ बसला, तरच थैली पुढे जाते. वडील असते, तर त्यांना हे लगेच कळले असते.