शाळेतील थोरले आणि धाकटे

दोन शिक्षकी शाळेत गुरुजी एका वर्गाला गणित शिकवीत असतात, तेव्हा पलीकडे चौथीतील एखादी मुलगी पहिलीतील मुलांकडून अक्षरे गिरवून घेत असते. ग्रामीण भागात हे दृश्य नेहमीचेच आहे. निवासी आश्रमशाळेत तर सहा वर्षांचे बालक आणि सोळा वर्षांचा विद्यार्थी एकाच आवारात राहतात. थोरल्या-धाकट्यांच्या या सहवासाला कोणते वळण लागते, यावर शाळेचे स्वास्थ्य पुष्कळसे अवलंबून असते.

थोरल्याने धाकट्यास शिकवावे, ही आपल्याकडील जुनी रीत होय. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी १७८९ पासूनच्या काळात तिचा पद्धतशीर अवलंब केला. वाळूवर अक्षरे गिरविणारी मलबारी मुले पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. १७९७ मध्ये त्यांनी आपला प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे ही पद्धत इंग्लंडमध्येही पसरली.

नुकतेच शिकलेल्या मुलास अडचण नेमकी कोठे येते हे ठाऊक असते. शिवाय दुसऱ्यास समजावून देताना त्याचे स्वतःचे ज्ञानही पक्के होते. परंतु हाच वडीलपणा देखरेखीवाचून सोडला, तर त्याची सत्ता बनते. धाकट्याने थोरल्याचे कपडे धुवावेत, बादली भरून आणावी, ताटातील चांगला घास द्यावा, असे पायंडे पडतात. रात्र त्याच खोलीत काढावयाची असल्याने धाकटा तक्रार करीत नाही. पुढे तोच मोठा झाला, की सोसलेले दुसऱ्यावर लादणे हा आपला हक्क आहे असे त्यास वाटू लागते.

यावर उपाय अवघड नाहीत. थोरल्यांना नेमके व मर्यादित काम द्यावे, ते पाळीपाळीने बदलावे आणि शिक्षेचा अधिकार मात्र कधीही देऊ नये. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शिक्षकासही शारीरिक शिक्षा करता येत नाही. मग छडी घेतलेल्या वर्गनायकास स्थान कोठून असणार? निजण्याची व्यवस्था वयोगटानुसार वेगळी असावी. स्नान, भोजन व रात्र या वेळी जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर असावी.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात वसतिगृहांचाही समावेश आहे. लेखी तक्रार आल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करणे बंधनकारक आहे. तथापि, तक्रारीची वाट पाहणे पुरेसे नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या वा पंचायतीच्या सदस्यांनी भेटीच्या वेळी केवळ हजेरीपट पाहून परतू नये. पंगतीच्या टोकाला बसलेल्या सर्वांत लहान मुलाच्या ताटात काय आहे, हेही पाहावे. शाळेची खरी स्थिती तेथे दिसते.